न पाडलेलं भोक

लेमिन्स्टरला येऊन मला अकरा वर्षं झाली.
त्याआधी शिरोली एमआयडीसीत, लेथवर,
पंपाचे व्हॉल्व्ह. भोक पाडायचं म्हणजे पाडायचं,
बर काढायची, फुंकर मारायची, पुढचं घ्यायचं.
इथे प्रॉसरच्या दुकानात पहिल्याच दिवशी
म्हातारा बंदुकीची नळी उजेडाला धरून म्हणाला,
अमेरिकेत या जागी एक बारीक भोक असतं.
आपण ते पाडत नाही.
आपल्याला पैसे त्याचेच.

तिकडे गोळी जाता जाता आपलाच थोडा धूर
त्या भोकातून मागे धाडते,
धूर खिटी ढकलतो, दुसरी गोळी हजर.
बोट तेवढं हलवायचं.
इकडे कायदा म्हणतो, आपोआप काही नको.
दर गोळीमागे हात चापावरून उठला पाहिजे,
बाजूच्या मुठीपर्यंत गेला पाहिजे,
ओढून, ढकलून, परत आला पाहिजे.
बाकी बंदूक तीच, तेवढीच काळी,
शाळकरी पोरंसुद्धा लांबून ओळखतील अशी.
फक्त दोन गोळ्यांच्या मधे
संसदेने हात घातलाय.

प्रॉसरच्या कपाटात एक रिव्हॉल्वर आहे.
हातभर नळी, मुठीतून मागे निघालेली लोखंडी सळई,
शेपूट फुटल्यासारखं.
आखूड चालत नाही, म्हणून लांब.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसलो.
प्रॉसर हसला नाही.
म्हणाला, मोजपट्टी घेऊन कुणी कायदा लिहायला बसतं ना,
तेव्हा आधी कुठल्यातरी शाळेत
हजेरी अर्धीच घेऊन झालेली असते.
मी ब्रश उचलला. तेलाचा वास आला.
बराच वेळ नुसता तेलाचा वास.

थर्झा ग्विलियम पोस्टातून निवृत्त झालेली,
वय एकाहत्तर, बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी.
मूठ ओढवेना म्हणून तिला आम्ही वेगळी करून दिली होती:
खिटी आपली आपण मागे जाऊन थांबायची,
तिने अंगठ्याने खटका दाबला की मगच पुढे.
कायद्यात तेव्हा बसत होतं. काठावर, पण बसत होतं.
मग कायदा आणखी वाकून बघू लागला
आणि म्हणाला, अंगठा म्हणजे हात नव्हे.
थर्झाने बंदूक पेटीत घातली,
पोलीस चौकीत नेऊन दिली, पावती घेतली,
तशीच पावसातून आमच्याकडे आली.
आता?

मी साध्या बंदुकीची मूठ लांबवली, चार बोटं.
टोकाला गोळा बसवला तिच्याच बागेतल्या
पडलेल्या सफरचंदाच्या झाडाचा.
तीन वेळा कातला. पहिला मोठा झाला,
दुसऱ्याला गाठ निघाली.
तिसरा तिने तळहातात धरून बघितला
आणि पोस्टाचा शिक्का मारावा तसा
काउंटरवर दोनदा ठोकला.

शनिवारी खाणीत. लाल झेंडा ओला, काठीला चिकटलेला.
ती गोळी झाडायची. हात उठायचा.
ओढताना तोंडातून बारीक काहीतरी निघायचं,
शिवी की देवाचं नाव, कळलं नाही.
मी मनात मोजत होतो. चार सेकंद.
पुढे पुढे सात.
वैताग येतो का, मी विचारलं.
कानावरचं काढत म्हणाली, येतो की.
पण मघाशी एकदा मूठ ओढता ओढता
माझा विचार बदलला.
कशाबद्दल, ते सांगितलं नाही.
समोर तर कागदच होता.

भाऊ फोनवर विचारतो,
तिकडं नक्की बनवतोस तरी काय?
मी सांगतो. नळी असते,
तिच्यात एक भोक पाडायचं नसतं.
तो जरा वेळ गप्प. मागे त्याचा कंप्रेसर चालू असतो.
मग म्हणतो,
म्हंजे काम अर्धंच सोडतोस की रं.